पुंजाजीकाकांचा रोजचा निषेध

पुंजाजीकाका रोज सकाळी अंघोळ, देवपूजा आणि भाकर उरकली, की व्हिडिओ गेमचा निषेध करायला निघत.

निषेध म्हणजे साधासुधा नव्हे. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. आमच्या घरावरून जाताना बाबांना हाक मारायचे, "येता काय हो? चाललो निषेधाले!" जसं काही बाजारालाच निघालेत. आमच्या वडनेरात थांब्याजवळ सुनीलनं तेव्हा नवंनवं दुकान टाकलं होतं. टीव्हीला जोडलेले खेळ, समोर बाकडी आणि बाहेर पोट्ट्यांच्या चपलांचा ढीग. या दुकानापायी डोळे जाणार, शाळा ओस पडणार, पिढी बरबाद होणार, असं अर्धं गाव म्हणत होतं. म्हणायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. रोज जाऊन, बाकड्यावर बसून, डोळ्यांत तेल घालून निषेध करणारे एकटे काका.

शिवाय त्यांचा आक्षेप गावासारखा नव्हता. गावाला खेळ वाईट वाटे. काकांना खेळातला अन्याय सहन होत नसे. वरून उतरणाऱ्या परग्रहावरच्या लोकांना गोळ्या घालायचा एक खेळ होता. काका पहिल्याच दिवशी उठून उभे राहिले. "थांब बे! ते बिचारे इतल्या दुरून येऊन राह्यले, त्यायले इचारलं काय कोणी, बाप्पा, काऊन आले म्हून? पाणी तरी इचारा! आल्या आल्या गोळीच?" शर्यतीतली गाडी उलटली आणि लगेच सरळ होऊन पळायला लागली, तर काका म्हणाले, "अन् पंचनामा?" खेळणाऱ्याला तीन जीव मिळतात हे कळलं, त्या दिवशी तर त्यांना भाकर गोड लागली नाही म्हणे. "तीन-तीन जीव देऊन राह्यले उधळाले! मंग पोट्टे सडकीवर पाहून चालतीन काय?"

मत सांगून झालं की वर ठरलेलं वाक्य: "मत आपलं हाये. पटलं तं ठेवा, नाही तं वापस करा." वापस कोणी केलं नाही, कारण मुळात ठेवलंच कोणी नव्हतं.

सुनीलनं एकदा 'नव्व्याण्णव खेळ एकात' असं छापलेली कॅसेट आणली. काकांना वास आला. बाकड्यावर ठाण मांडून त्यांनी पोट्ट्यांकडून एकूण एक खेळ लावून घेतला. निघाले चारच. तेच ते, रंग बदलून. "चार म्हशी गावभर फिरवल्या म्हून नव्व्याण्णव होतेत काय बे?" काका असे गरजले की शेजारचा चहावाला बाहेर आला. सुनील बिचारा स्वतःच फसलेला. काकांनी आधी त्याला झाप झाप झापलं आणि मग त्याच्याच बाजूनं कॅसेटवाल्याशी भांडायला नांदुऱ्याला गेले. कॅसेट बदलून आणली. नव्या कॅसेटवरही नव्व्याण्णवच लिहिलेलं. आत निघाले सहा. "दोन तं वाढले," काका मिशीवर हात फिरवत म्हणाले.

तालुक्याच्या एका बँकेत कॉम्प्युटर येणार, नोकऱ्या जाणार, म्हणून तिथल्या लोकांनी काळ्या फिती लावल्या. काकांनीही लावली. काकांचं बँकेत खातंसुद्धा नव्हतं! पुढं बँकवाल्यांचं भांडण मिटलं, फिती निघाल्या. काकांना कळवायचं राहूनच गेलं. काका आपले हिंडतायत फीत लावून. शेवटी पिंपळगाव राजाहून आलेल्या एका पाव्हण्यानं हात जोडून विचारलं, "कोण गेलं हो घरातलं?" काका म्हणाले, "आमच्या घरात आता जाणारं कोण उरलं हाये?" आणि फीत काढून खिशात टाकली. या गोष्टीवर आम्ही पुष्कळ हसलो.

घरात ते एकटेच होते. मूलबाळ नाही. काकू गेल्या त्या मी जन्मले त्याच दिवशी. सकाळी मी आले आणि थोड्या वेळानं त्या गेल्या, असं घरात सांगत. त्यामुळे माझा वाढदिवस आमच्याकडे कधी गाजावाजानं झाला नाही. तिन्हीसांजेला काका यायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि न बोलता निघून जायचे. बिनबोलण्याचा काकांचा वर्षातला तेवढा एकच दिवस.

उमेदीत ते जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, बॉयलरवर होते. कापसाच्या हंगामात सकाळी सातचा भोंगा तेच द्यायचे. गावात घड्याळं थोडी. भोंगा झाला की सात वाजले, हा कायदा. शाळा त्यावर, दुकानं त्यावर, बायांचा स्वयंपाक त्यावर. पुढं जिनिंग बंद पडलं आणि गावाला वेळेवर उठवणारा माणूस मतं सांगत फिरू लागला.

तर आता माझ्यावर येते. सुनीलच्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि बाहेर पाटी लागली: 'कॉम्प्युटर पत्रिका काढून मिळेल.' झालं! गावात दोन तट. जोशीबुवांची माणसं म्हणत, डब्याला नक्षत्रातलं काय कळतं? तरणी पोरं म्हणत, माणूस चुकेल, कॉम्प्युटर चुकत नाही. काकांचा पक्ष विचारायलाच नको. "कालपावतर खेळ मोजता येत नव्हते त्यायले, आज नवग्रह मोजून राह्यले! पाह्यजा, हे डबडं एखाद्या पोरीचं जमलेलं लगन मोडीन."

आणि मोडायला ते माझंच निघालं.

स्थळ साखरखेर्ड्याचं होतं. मुलगा मास्तर. बघायला आला तेव्हा बशीत चहा ओतता ओतता माझ्याकडे बघायला गेला आणि सगळा चहा स्वतःच्या पांढऱ्या पँटवर. मी फिस्सकन हसले. आई डोळे वटारतेय, आणि तोही हसायला लागला. मला तो तिथंच आवडला, यात लाजायचं काय! त्यालाही मी पसंत होते. जोशीबुवांनीही नुसत्या नावांवरून गुण जुळवून दिले होते. पण मुलाचे वडील नव्या जमान्याचे. "आपल्याला कसं, कॉम्प्युटरचा कागद पाहिजे बघा. त्याच्यात लबाडी नाही." म्हणून पुढच्या खेपेला आले ते आधी सुनीलच्या दुकानात जाऊन, कागद काढून, सुनीललाही सोबत घेऊन.

कागदावर निघाली एकनाड. नवरा-नवरीची नाडी एक, म्हणजे आमच्या लोकांत विषय संपला. पुढं मूलबाळाचं, आयुष्याचं काही खरं नाही म्हणतात. मुलाचे वडील टोपी सारखी करत उठायच्या बेतात. मुलगा मान खाली घालून. मी दाराआड ओढणीचं टोक चावत उभी, आणि रडू इतकं दाटलेलं की विचारू नका.

बाबांना एकच सुचलं. "पुंजाजीभाऊले बोलवा रे! त्या डबड्याची तेच जिरवतीन."

काका आले ते बाह्या सरसावूनच. माझ्या मनात आलं, देवा, आयुष्यभर यांनी नको तिथं निषेध केला, आज एकदा हवा तिथं करू दे. काकांनी कागद नाकाजवळ धरला, लांब धरला.

"जल्माची येळ काय टाकली?"

"सात," सुनील म्हणाला.

"कोणं सांगतली?"

"मी," आई आतून हळूच म्हणाली. "भोंगा झाला अन् हे झाली, भाऊजी. भोंगा तं सातचाच ना तुमचा."

काका खाली बसले. काठी बाजूला ठेवली. आम्ही वाट बघतोय, आता फुटतील, मग फुटतील.

"कॉम्प्युटरचं काही चुकलं नाही," ते म्हणाले.

आजच कसे हे उलटले!

"येळ चुकली. त्या रोजी भोंगा पावणेआठले झाला. हापिसातलं घड्याळ पाहून देल्ला मी."

"कायचं बोलून राह्यले पुंजाजीभाऊ!" बाबा म्हणाले. "तुमचा भोंगा कधी चुकला काय?"

"तेवढा एक डाव चुकला." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमची वयनी पहाटीच गेल्ती. मी तुमाले काय सांगतलं, भोंगा देऊन आलो अन् मंग ती गेली. तसं नव्हतं. तिचा हात हातात घेऊन बसलो होतो. उठवेच ना. मंग ध्यानात आलं, जिनिंगच्या फाटकावर बाया थंडीत उभ्या असतीन, लेकरं घेऊन. भोंगा झाल्याबिगर फाटक उघडत नव्हतं, अन् भोंगा माह्याशिवाय कोणाले देता येत नव्हता. तिच्या आंगावर गोधडी घातली अन् गेलो. देऊन वापस आलो. लोकं म्हणले असते, बायको मरून पडली अन् हा भोंगा वाजवाले गेला. म्हून उलटं सांगतलं."

सगळं गाव त्या दिवशी पाऊण तास मागं चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"हे मत नाही बरं," ते म्हणाले. "झालेली गोष्ट हाये."

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "काकांवर इश्वास आहे आपला, शंभर टक्के. पण सुनीलभाऊ, पावणेआठ टाकून एक कागद काढाच." माणूस पक्का! सुनील पळत गेला, पळतच आला. नक्षत्र बदललं होतं, नाडी निराळी आली होती. मुलाच्या वडिलांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि मग काकांच्या पायाशी वाकले. वयानं काही फार लहान नसतील.

आईनं साखर वाटली, बाबांना तर काय करू नि काय नको झालं. मी मात्र काकांकडेच बघत होते. इतकी वर्षं त्यांनी एकच गोष्ट लपवून ठेवली होती, लोक नावं ठेवतील या भीतीनं. आणि ती काढली कुठं, तर परक्या पाव्हण्यांसमोर, माझ्यासाठी. पोटच्या पोरीसाठी लोक दुसरं काय करतात? माझा संसार आज उभा आहे तो त्या माणसाच्या जिवावर, हे मी कोणालाही सांगते.

काका दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून निषेधाला गेले. सुनीलनं त्यांना चहा पाजला म्हणे.

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी माहेरी आले, पण आमच्या घरी नाही गेले. सकाळीच काकांचं दार वाजवलं. "आज स्वयंपाक मी करणार," म्हटलं. काकांनी चुलीजवळ मला जागा करून दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. पहिलं पान काकूंच्या फोटोसमोर ठेवलं, हात जोडले, आणि काकांना हाक मारली.

काका आले. पानाकडे वाकून पाहिलं. त्या कागदाच्या दिवसाशिवाय काकूंबद्दल त्यांच्या तोंडून मी कधीच काही ऐकलं नव्हतं.

"तिले वांग्यात थोडा गूळ लागे," ते म्हणाले. "पुढच्या साली टाकजो."