जिन्याखालचा वेग

“आई, माझा परत पुतळा झाला,” आतल्या खोलीतून अनुष्का पुटपुटली. साहेबांसमोर, व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर, तोंड उघडं.

मनोरमाने कणकेच्या हाताने मोबाईलवर नेटचा वेग मोजला. नऊशे बारा. तिचा जीव भांड्यात पडला. पोरीचा पुतळा झाला तर झाला, आकडा शाबूत होता.

जे मोजता येतं तेच खरं, हे फुलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीने फार लवकर ओळखलं. जगभर इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या एका जाळ्याला सर्व्हर ठेवायला ठिकठिकाणी जागा हवी होती. सेक्रेटरी विघ्नेशभाऊंनी जिन्याखालची सायकलींची जागा देऊन टाकली. तेव्हापासून जगाच्या नकाशावर सोसायटीचा हिरवा ठिपका आहे. सर्व्हरच्या पेटीला चोवीस तास इन्व्हर्टर आहे. (लिफ्टला नाही. लिफ्टला जगाचं काही मोजायचं नसतं.) दसऱ्याला झेंडूचा हार घातल्यावर पेटी तापून तीन तास बंद पडली, इतिवृत्तात ‘देवी विश्रांती घेत होती’ अशी नोंद आहे.

बेचाळीस बिऱ्हाडांपैकी एकोणचाळीस रोज वेग मोजतात. उरलेली तीन घरं बंद आहेत. पूर्वी जिन्यात एकमेकांची शुगर विचारायचे.

“काय काकी, आज किती?”

“नऊशे बारा.”

“आमचे नऊशे चाळीस. तळमजला ना.”

नेट वापरायचं असलं की सभासद मोबाईलचा डेटा लावून गच्चीवर जातात, हा भाग वेगळा.

अनुष्काच्या बंगळूरच्या कंपनीने वेगाचा पुरावा मागितला. मनोरमाने मोठ्या अभिमानाने नऊशे बाराचा फोटो पाठवायला लावला. उत्तर आलं: वेग उत्कृष्ट आहे, अर्थात दोष आपल्यात आहे, एक तारखेपासून बंगळूरला येऊन काम करावे, नपेक्षा राजीनामा द्यावा.

रविवारी मनोरमा सभेला गेली. विषय एकच होता: पेटीच्या अभिनंदनाचा ठराव.

“वहिनी, पोरगी फार भरभर बोलते का?” विघ्नेशभाऊंनी आपुलकीने विचारलं. “नऊशेमध्ये माणूस अडकत नाही हो.”

शेजारच्या जॉयस टीचरने पंख्याकडे पाहिलं. बाकीच्यांनी चपलांकडे. ठिपक्यामुळे फ्लॅटचे भाव चढले होते, आणि भाव चढत असताना शहाणा माणूस तोंड उघडत नाही.

“भाऊ,” मनोरमा म्हणाली, “आपला फोन वेग विचारतो तो त्या पेटीलाच. दुसऱ्या मजल्यावरून जिन्याखाली माझी हाकसुद्धा नऊशेच्या वेगाने पोचते. पण बंगळूर काही जिन्याखाली नाही.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“माझ्या घरी नेट चालत नाही. तुमच्याही घरी चालत नाही, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे,” ती मागे न वळता म्हणाली. “आणि ज्याला हसू येतंय, त्याने स्वतःला मोजायचं माप कुणाच्या जिन्याखाली ठेवलंय ते आधी बघून यावं.”