भालचंद्रपंतांच्या कडू आमटीची बखर

श्रीकुलदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार, ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील दौलतीत जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. वाचणाराने आधी जेवून घ्यावे, मग वाचावे.

दौलतीचे धनी राजश्री भालचंद्रपंत नाबर. त्यांचे कुटुंब सुलभाबाई मोठ्या करारी, सैपाकघरावर त्यांचा एकछत्री अंमल, आणि त्यांनी ऐसा कायदा बांधिला होता की, या घरी अन्नाची तारीफ करील तो परका पाहुणा, आपला माणूस असेल त्याने खोट काढावी. पंतांचे कॉलेजापासूनचे जिवलग तिघे, मोरेश्वरपंत टिळेकर, दिनकरराव पेठे आणि कुमुदिनीबाई खानविलकर. हे वर्षानुवर्षे पंगतीस बसत आणि घास घेताच मीठ, तिखट, भाताची शिते यांजवर तुटून पडत, आणि सुलभाबाई झारा उगारून जबाब देत, आणि हसून हसून ताटे गार होत. मग दोन वर्षांमागे सुलभाबाईंस देवाज्ञा जाहली. तेव्हापासून तिघे येत ते डबे घेऊन येत, हळू बोलत, सुलभाबाईंचे नाव चुकून जिभेवर आले तर गिळून टाकीत, आणि पंतांनी चहात साखरेऐवजी मीठ घातले असते तरी ‘फक्कड’ म्हणाले असते. माया बहुत होती, परंतु पंतांस वाटे, आपण यांचे मित्र राहिलो नाही, दुखणेकरी जाहलो. हे मनास फार लागले आणि बोलून दाखविता येईना.

मग पंतांनी मसलत केली की, आपण खासा चुलीपुढे उभे राहावे आणि तिघांस जेवावयास बोलवावे. उद्या एकादशी, सबब आजच. कोणी एकाने जरी नावे ठेविली तरी जुने दिवस शाबूत. न ठेविली तर दोस्ती सुलभाबाईंबरोबरच गेली म्हणोन समजावे. ऐसा निश्चय करोन बांगडे आणिले, खोबरे वाटिले, माशांच्या आमटीत पडतात ती तिरफळे मूठभर सबंधच टाकिली आणि आमटी रटरटा उकळविली. चाखून पाहतात तो जीभ कडू जहर! काय चुकले ते उमजेना, आणि इतक्यात दारावरील घंटा वाजली.

तिघे सरदार लिफ्ट नामे लोखंडी पालखीतून वर आले. येता येता मोरेश्वरपंतांनी उभयतांस आण घातली की, “पहिल्यांदाच स्वयंपाक केलाय त्याने. कसाही असो, छान म्हणायचं, काय?” हे पंतांस मागाहून कळले. सोबत त्यांनी द्राक्षांची तांबडी वारुणी आणिली होती, जीस हल्लीचे लोक वाईन म्हणतात. परंतु बूच काढावयाचे हत्यार कोणाजवळ नाही. मग बुचास वेढा पडला. दिनकररावांनी सुरीने हल्ला केला, बूच निम्मे कापले गेले, मोरेश्वरपंतांनी लाटण्याच्या टोकाने उरलेले आत ढकलिले, आणि वारुणीने उसळी मारून त्यांचा पांढरा सदरा रंगविला. गड सर जाहला. पंतांनी ती चहाच्या गाळणीने गाळून स्टीलच्या पेल्यांत ओतिली, सर्वांनी पेल्यास पेला लाविला, आणि मंडळी पानावर बसली.

पहिला घास गेला. पंत एकेकाचे तोंड पाहताहेत. मोरेश्वरपंतांनी डोळे मिटिले आणि म्हणाले, “वा! काय चव आहे!” दिनकरराव पेल्यावर पेला रिता करीत म्हणाले, “एकदम मस्त रे.” पंतांनी आणखी पारख करावी म्हणोन पळी उचलली आणि पुसले, “अजून वाढू?” तो दोघांनीही वाट्या पुढे केल्या! पंतांनी वाढिले, मान खाली घातली, आणि आता हे सारे सरले असे त्यांस खचित वाटले.

कुमुदिनीबाई अद्याप बोलल्या नव्हत्या. त्यांनी दाताखाली काही चावले, बोटाने बाहेर काढून पाहिले, आणि वाटी खाडकन् खाली ठेविली.

“भाल्या, गाढवा! तिरफळं फोडून आतली काळी बी टाकायची असते! ही आमटी आहे का काढा?”

“कुमुद, अगं…” मोरेश्वरपंत दटावू लागले.

“गप रे! खड्ड्यात गेली तुझी शपथ. सुलभा असती तर या माणसाच्या पाठीत झारा घातला असता तिने!”

दोन वर्षांत प्रथमच ते नाव त्या पंगतीत उच्चारले गेले. दिनकररावांचा हात तोंडाशी थांबला. आणि मग भालचंद्रपंत हसू लागले, ते थांबेनात, डोळ्यांस पाण्याची धार लागली आणि तरी हसताहेत. म्हणाले, “नुसता झारा? पळी, सांडशी, सगळंच!” मग काय विचारावे! मोरेश्वरपंत उठून म्हणाले, भाताची खळ जाहली आहे, पोस्टर चिकटवावे. दिनकरराव म्हणाले, सोलकढीत कोकम शोधावयास हेर पाठवावा. पंतांनीही बुचाच्या चुऱ्यावरून मोरेश्वरपंतांस फैलावर घेतले. मग सुलभाबाईंच्या गोष्टी निघाल्या, त्यांचा राग, त्यांची नक्कल, त्या एकदा मोदक फसले तेव्हा दार लावून रडल्या होत्या तेही. भात, पापड आणि लोणचे एवढ्यावर चौघे पोटभर जेवले, वारुणी संपली, आमटी मोरीत गेली.

निघतेसमयी पंत दारात उभे राहिले. त्यांचे मन कृतज्ञतेने काठोकाठ भरले होते आणि घरचा कायदा आडवा येत होता. शेवटी जिना उतरणाऱ्या तिघांस कठड्यावरून वाकून ओरडले, “मोऱ्या, बूच काढता येत नाही तर बाटली कशाला आणतोस रे? आणि कुमुद, तू जेवतेस का भांडतेस?”

खालून कुमुदिनीबाईंचा आवाज आला, “आधी आमटी शिक, मग बोल!”

शेजारच्या बिऱ्हाडाच्या संस्थानात, पंतांकडे मोठे भांडण जाहले, अशी वार्ता गेली.

येणेप्रमाणे दौलत सुखरूप राहिली. पंतांस तिघांचे आभार मानावयाचे होते, ते त्यांनी नावे ठेवून मानिले. ते पोहोचले. बखर समाप्त.