कर्णिक काकांचा कंद

कर्णिक काका ट्रफल, म्हणजे वाळवंटात जमिनीखाली मिळणारा बटाट्याएवढा गोळा, कानाशी धरून हलवतात, नारळ पारखावा तसा. आत पाणी नसतं, काही नसतं. तरी डोळे मिटून ऐकतात आणि मोरोक्कन दुकानदाराला सांगतात, "नहीं हबीबी, दुसरा दिखाओ."

इथे आखातात, अल मजाजला, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाजारात पिशव्या धरायला आई मला त्यांच्याबरोबर पाठवते, कारण मला नाही म्हणता येत नाही. "बाजार हा अभ्यासाचा विषय आहे, सई!" हे वाक्य गाडी पार्क होईपर्यंत चालतं. अभ्यास म्हणजे ज्याचा जन्म ट्रफल विकण्यात गेला, त्याला ट्रफल शिकवणं. तो बिचारा "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, म्हणत पिशवी भरतो.

एवढं करून घरी काय करतात? उकडून, सोलून, तूप-जिरं-मिरचीवर परततात आणि वर दाण्याचं कूट. मोरोक्कोहून विमानाने आलेल्या वस्तूची उपासाची बटाट्याची भाजी! वाळूही नीट धुवत नाहीत. दाताखाली कचकचलं की म्हणतात, "मिनरल्स!"

परवा एकादशीला त्यांनी मला फराळाला बसवलं. ऑपरेशन झाल्यापासून काकू निम्म्या झाल्यात, ताटाकडे नुसत्या बघत बसतात. आणि काका त्यांच्या डोक्याशी उभे राहून भाषण देत होते. "जमिनीखाली येतो तो कंद. रताळं, सुरण, ट्रफल. उपासाला बिनधास्त चालतो."

मी टेबलाखाली फोनवर शोधलं. कंद कसला, बुरशी! मश्रूमची नातेवाईक. या माणसाला एकदा तरी कुणीतरी गप्प करायला हवं होतं. मी धीर करून त्यांच्या मागे किचनमध्ये गेले.

"काका, ॲक्चुअली हे फंगस आहे."

"हळू बोल," ते म्हणाले. "माहितीये मला."

त्यांनी किचनचं दार अर्धवट लोटलं.

"एरवी ती घास घेत नाही गं. मश्रूमचं सूप केलं, तसंच राहिलं. उपासाचा फराळ तेवढा नियम म्हणून करते. साबुदाणा पचत नाही, बटाटा नकोसा झालाय. पाप लागलं तर मला लागू दे."

बाहेरून काकूंचा आवाज आला. "अहो, आहे का अजून थोडी?"

काका कढईच घेऊन धावले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "सई, कंदच आहे ना गं हा?"

काका पहिल्यांदाच गप्प होते.

"कंदच आहे, काकू."

त्यांनी वाढून घ्यायला ताट पुढे सरकवलं.