मारोतीभाऊंचा पहिला प्रश्न

मारोतीभाऊ बिघडलेल्या कॉम्प्युटरला आधी एकच प्रश्न टाइप करून विचारतात : तू कोण? माणसांनाही तोच. मी नववीतून शाळा सुटलेली बाई, पार बीडहून गडचिरोलीच्या या रक्ततपासणी केंद्रात नोकरीला आले, तेव्हा माझ्या नमस्काराला उत्तर मिळालं, "तू कोण वं?"

रोज सकाळी पुन्हा तेच. सात महिने! राग यायचा. पण कॉम्प्युटर शिकवला तो त्यांनीच, म्हणून गिळायचे.

भाऊंनी एक वेबपेज केलं होतं. बटण दाबलं की पेशंटचा रिपोर्ट छापून यायला हवा. भाऊंनी छापायचा तोच हुकूम, तीच कमांड, हातानं टाइप केली की कागद बाहेर. पेजवरून बटण दाबलं की ढिम्म.

"काऊन बे? माह्या हातानं चालते अन् पेजच्या हातानं नाई? माणूस पाहून काम करून राह्यला का?"

केंद्राचे मालक दुपारी येणार होते. पेज चाललं नाही तर सांभाळणारी बाई बदलू, असं ते बोलूनच गेले होते. ती बाई म्हणजे मी.

बटणामागं काय काय करायचं ते लिहिलेली स्क्रिप्ट वाचता वाचता भाऊ गरजले, "चुका दाखवू नको, फेकून दे, असं इथी कोनं लिवलं?"

मीच. पडद्यावर चूक दिसली की मालक ओरडत, म्हणून घाबरून.

"रडणाऱ्याचं तोंड दाबलं तू! मंग दुखते कुठी, मले समजन कसं?"

ती ओळ काढली. मग भाऊंनी पेजमधूनच विचारलं, तू कोण? उत्तरात भाऊंचं नाव नव्हतं, पेज चालवणाऱ्या सर्व्हरचं होतं. हातानं चालवताना कमांड भाऊंच्या नावानं चाले. पेजवरून एका परक्याच्या. छापायची कमांड कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. "सापडत नाही," असं पेज बिचारं कधीचं सांगत होतं. भाऊंनी स्क्रिप्टमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला. कागद सरसरत आला.

तेवढ्यात मालक दारात. "इतके दिवस बंद कोणामुळं होतं?"

"माह्यामुळं," भाऊ म्हणाले.

"पाठीशी घालता? ही बाई कोण लागते तुमची?"

"बहीण."

"तुम्हाले कुठी बहीण आहे, भाऊ? घरी चहा द्यायले माणूस नाई."

"आता आहे. दरवाजा सोडा, पेशंट खोळंबून राह्यले."

मालक गेल्यावर मी काही बोलणार, तर माझ्यावरच खेकसले, "मशीनचं तोंड पुन्हा दाबशील तर याद राख!"

दुसऱ्या सकाळी मी उंबऱ्यात थांबले, प्रश्नाची वाट पाहत. भाऊंनी पडद्यावरची नजर न काढता एक डबा माझ्याकडे सरकवला. शेजारी तसाच दुसरा होता.

"आधी खा वं."