उस्मानभाईंची शिफ्ट

ठण्ण.

लिंबाच्या फांदीला टांगलेल्या लोखंडी पट्टीवर पान्याचा एक ठोका, आणि त्यामागे नारपोलीच्या कापड विणणाऱ्या लूमांची अखंड खटखट. नव्वद सालच्या आसपासचा तो आवाज आजही माझ्या कानांत तसाच आहे. तो घुमला की मैदानातली चार मुलं बाहेर येत आणि बसलेली चार आत जात. सामना कितीही रंगात आलेला असो, उस्मानभाईंच्या फुटबॉलमध्ये शिफ्ट बदलायची म्हणजे बदलायची.

उस्मानभाई लूम दुरुस्त करणारे मिस्त्री होते. तीनला ड्युटी सुटली की चारला मैदानावर. सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा गोडसर, उष्ण वास आणि खिशात शिट्टीऐवजी पाना. ते कधी बसत नसत. कुणी आदराने खुर्ची आणून दिली, तर तिच्यावर सदरा टांगत आणि चहासुद्धा उभ्यानेच पीत.

एकदा लागोपाठ दोन गोल करणाऱ्या सलीमला त्यांनी बाहेर बोलावलं. तो फणकारला, "चाचा, मी गोल मारतोय!"

"मारलेस ना? बरं झालं. आता ड्युटी संपली. पानी पी."

"और वो निखिल? उसको तो बॉल दिखता भी नहीं."

"तुला बॉल दिसतो, निखिल दिसत न्हाय. एक पास दिलास त्याला?"

निखिल माझा मुलगा. जाड भिंगांचा चष्मा नाडीने डोक्याला बांधून खेळायचा. चूक झाली की जागच्या जागी बसून रडायचा. उस्मानभाई त्याच्यावर ओरडत नसत. "लूमवर धागा तुटला तर शिव्या देत बसतो काय आपण? गाठ मार, चालू कर." पुढे पुढे शब्दही लागेनात. ते दुरूनच हवेत दोन बोटांनी गाठ मारून दाखवत, आणि मुलांना कळे. आयुष्यभर शब्दांवर जीव लावलेली मी, त्या काळ्या, तेलकट बोटांकडे थक्क होऊन पाहत राही.

शेजारच्या वळ गावाच्या संघाशी अंतिम सामना होता. एक-एक अशी बरोबरी, शेवटची दहा मिनिटं. उस्मानभाईंनी पाना उचलला आणि मी, निखिलची आई, त्यांच्याजवळ गेले.

"उस्मानभाई, आज त्याला नका उतरवू. हरलो तर मुलं त्याला जगू देणार नाहीत."

त्यांचा हात थबकला.

"ताई, शाळेच्या टीममध्ये मी तीन वर्षं होतो. दर मॅचला बूट बांधून बसायचो. एक मिनिट न्हाय उतरवला मला." मग पट्टीकडे वळत म्हणाले, "लय बसलो मी."

त्यांच्या मागची रिकामी खुर्ची मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली.

ठण्ण.

चौथ्याच मिनिटाला चेंडू निखिलच्या पायाखालून निसटला आणि वळच्या मुलाने तो सरळ जाळ्यात धाडला. "ए चष्मिस, घरी जा!" मागून कुणी ओरडलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला. त्याच्या विरळ विणीतून मला फक्त उस्मानभाईंचा हात दिसत होता. हवेत दोन बोटं सावकाश गाठ मारत होती.

"रडतोय का हो?" मी विचारलं.

मैदानावरची नजर न हलवता ते म्हणाले,

"धावतोय."