नानांचा डावा गाल

त्या चैत्रात नाना माझ्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा त्यांचा डावा गाल तूप चोपडल्यासारखा चकाकत होता आणि उजवा कोरडा खडखडीत. जळगावचं ऊन आणि मेहरूणचा रस्ता, त्यामुळे सगळा धुरळा त्या एका गालावर येऊन बसलेला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. नानांना त्याचं काही नाही.

"हसू नका भाऊ," मला म्हणाले, "प्रयोग चालू आहे."

माणूस मुळात संशयी. कॉलेजच्या रसायनशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होते, आणि रिटायर झाले ते थेट माझ्या बोकांडी बसले. माझं कटलरीचं दुकान, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पावडरी, क्रीम. नाना मूळचे दोंडाईच्याचे. इतकी वर्षं जळगावात काढली, तरी संशय आला की तोंडात अहिराणीच यायची. कुठलीही डबी उचलायची, हुंगायची आणि विचारायचं, "ह्यामा काय शे?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांचंच. "बठ्ठं पानी शे!" म्हणजे सगळं पाणीच आहे. शांपू? बठ्ठं पानी. केसांचं औषध? बठ्ठं पानी. गुलाबपाण्याची बाटली मात्र मान डोलावून खाली ठेवायचे. निदान नावात तरी कबूल करतात, म्हणे.

सुरकुत्या घालवणारी क्रीम तेव्हा नवीनच निघाली होती. टीव्हीवर रोज एक बाई गालावरून बोट फिरवून हसायची आणि दुसऱ्या दिवशी चार जणी माझ्याकडे यायच्या. एकदा शाळेतल्या एक बाई निळ्या झाकणाची डबी घेऊन पैसे काढतच होत्या, तेवढ्यात नाना हजर. उघडी डबी होती, त्यातलं बोटभर क्रीम माझ्याच चमच्यात घेतलं आणि माझ्याच मेणबत्तीवर धरलं. तडतड तडतड उडायला लागलं.

"ऐकलं? पानी! खाली चिकट राहिलं ते मेण, तेल नि ग्लिसरीन. वास वरून टाकलेला."

"मग सुरकुत्या कशा जातात?" बाईंनी विचारलं.

"जातच नाहीत. कातडी सुकली की रेघा उठून दिसतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, तेल ते उडू देत नाही. कातडी जराशी फुगते, रेघ बुजल्यासारखी वाटते. तोंड धुतलं की पुन्हा तेच तोंड!"

बाई टाचण्यांचं एक पाकीट घेऊन गेल्या.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाना, माझ्या पोटावर का पाय देता?"

"मी कुठं घेऊ नका म्हणतो? आत काय आहे तेवढं सांगतो."

आणि असा हा माणूस आठच दिवसांनी स्वतः क्रीम घ्यायला आला! एक नेलं, मग दुसऱ्या कंपनीचं, मग तिसरं. डाव्या गालाला लावायचं, उजवा तसाच ठेवायचा. तासातासाला दुकानात येऊन माझ्या आरशात दोन्ही गाल बघायचे, घड्याळ बघायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. मी विचारलं की वही मिटायचे. आता मला संशय आला. हा म्हातारा सरकारात तक्रार ठोकणार, आणि त्यात माझ्या दुकानाचं नाव!

नाना जरा मऊ पडावेत म्हणून विचारलं, "अक्का बऱ्या आहेत ना? वर्षभरात इकडे फिरकल्या नाहीत." अक्का म्हणजे त्यांची बायको सरला. पूर्वी दर सणाला बांगड्या भरायला यायच्या, रुबाबदार बाई.

"टायफॉइड झाला तेव्हापासून बाहेरच निघत नाही," नाना म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दोंडाईच्याला तिच्या बहिणीच्या पोरीचं लग्न आहे. तिथंही येत नाही म्हणते." आणि उठून चालायला लागले. त्या गडबडीत वही माझ्या काउंटरवरच राहिली.

वाचू नये, पण वाचली. जीव टांगणीला लागलेला, काय करणार? आत लिहिलं होतं, 'लाल डबी: खाज, बाद. पांढरी: दोन तास. निळी: सकाळी आठला लावली, दुपारी एकपर्यंत रेघ बुजलेली, घामातही.' आणि खाली, 'गाडी तीन तास. स्टेशन ते मांडव अर्धा तास. लग्न एक तास.'

यात तक्रार कुठे होती? काही कळेना. वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. अक्का खाटेवर बसल्या होत्या. भरलेला चेहरा पार ओढला होता, गालांवर रेघाच रेघा. समोर नाना निळी डबी घेऊन एका बोटाने त्यांच्या गालाला क्रीम लावत होते.

"तुम्हीच म्हणता ना, बठ्ठं पानी शे?" अक्का म्हणत होत्या. "मग कशाला चोपडता? मांडवात सगळ्या विचारतील, ही सरला आली की सरलाची सासू?"

"ते दुसऱ्या डब्यांचं," नाना म्हणाले. "हे पानी नाही. अस्सल औषध शे."

मी दारातच थबकलो. हीच निळी डबी माझ्या चमच्यात तडतडली होती! नानांनी मान वळवली, मला पाहिलं, माझ्या हातातली वही पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला.

अक्कांनी पदर गालावर ओढला. "भाऊ, तुम्ही खरं सांगा. हे काम करतं?"

नाना डबीचं झाकण उगाच फिरवायला लागले.

"अक्का," मी म्हटलं, "आजवर माझ्या दुकानातली एक तरी वस्तू नानांनी पास केलीय का? ही पहिली."

अक्कांनी पदर खाली घेतला, हात पुढे करून मनगट निरखलं आणि म्हणाल्या, "हात फार वाळलेत हो. सव्वादोनच्या मापाच्या हिरव्या बांगड्या आहेत का तुमच्याकडे?"

नाना मला सोडायला फाटकापर्यंत आले. वही घेतली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"अठ्ठावीस वर्षं नोकरी केली भाऊ," म्हणाले, "एक रीडिंग खोटं लिहिलं नाही मी."

आणि रुमाल काढून डावा गाल पुसायला लागले. डोळेही त्यातच पुसले.