शेवटचा टप्पा लग्नघरी

फ्रान्समधल्या आमच्या ब्रिटनी प्रांतातल्या पाच दिवसांच्या हौशी सायकल शर्यतीचा इतिहास विचारायचा तर मला विचारा! पहिल्या वर्षी बक्षीस म्हणून डुकराचं पिल्लू मिळालं आणि विजेत्याने ते हँडलवर बसवून घरी नेलं, हेसुद्धा मी सांगेन. आमच्या लानवर्न गावात शर्यत आली तेव्हा ऐन शेवटच्या रेषेवर गाई बसल्या होत्या, हे मात्र मी सांगत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं शर्यत आमच्याकडे फिरकली नाही.

यंदा कसाबसा शेवटचा टप्पा मिळाला. शर्यतीचे अध्यक्ष त्रेगेरसाहेब, त्यांनी दम दिला, "यंदा घोळ झाला तर लानवर्नचं नाव कायमचं बाद!"

मी छाती पुढे काढली. "बाण मी लावतो. तुम्ही निर्धास्त राहा!"

वळणावळणावर पिवळे बाण ठोकले. चार उरले. त्याच दिवशी माझ्या भाचीचं, नोल्वेनचं गावाबाहेरच्या शेतावर लग्न होतं. पाहुण्यांना शेत सापडावं म्हणून उरलेले बाण मी तिकडच्या फाट्यावर ठोकले. शर्यतीला तिथून सरळच जायचं होतं, आणि सरळ रस्त्याला कोण बाण लावतं?

दुपारी चौकात बँड, फुलं, महापौर, सगळे हजर. सायकली मात्र येईनात! तेवढ्यात नोल्वेनचा फोन.

"मामा! माझी फीत तोडली!"

आमच्याकडे नवरानवरीच्या वाटेत शेजारी फीत धरतात. ती दोघांनीच कापायची असते.

"कुणी तोडली?"

"एका सायकलवाल्याने! दोन्ही हात वर करून! आणि मागून सगळी फौज आलीय!"

"मग हाकल ना त्यांना!"

"कसं हाकलू? जेवायला बसलेत!"

त्रेगेरसाहेब बिटासारखे लाल झाले. इतक्यात चौकात एकटाच गिल्दास उगवला. आमच्या गावचा पाववाला, पाचही दिवस सगळ्यांच्या मागे. बँड दणाणला, महापौरांनी फुलं दिली!

"अरे, तू बाण नाही पाहिलास?" मी ओरडलो.

"कसला बाण? मी कंटाळून घरी चाललो होतो!"

आम्ही शेतावर धावलो. तिथे भाजलेलं डुक्कर, सफरचंदाची दारू आणि नवरीसोबत नाचणारे सायकलवाले! एकही जण उठायला तयार नाही. वर सगळ्यांनी अध्यक्षांनाच घेरलं, "साहेब, पुढच्या वर्षीही लानवर्नच!"

माझा जीव भांड्यात पडला. आनंदाने मी दोन पेले रिचवले.

त्रेगेरसाहेबांनी डुकराच्या मांसाचा घास गिळला. "मंजूर. पण लग्न असेल तरच!"

सगळे विचारात पडले. गावात लग्नाचं उरलंय कोण? मग एकेक मान माझ्याकडे वळली.

बासष्टाव्या वर्षी आता मला बायको शोधायची आहे, तीही गावाच्या इज्जतीसाठी!